आधी सांगायचं, मग करायचं

सोमवार, ३ मार्च

आले एकदाची बंगळूरला. सकाळी गाडी लागली तेव्हा शरत फलाटावर उभा होता आणि मी त्याला ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, अंगात टोपडं लावलेला काळा झगा. मला वाटलं कोणी बैरागी आहे. वाटेतून सरक बाबा, असं म्हणणारच होते, तेवढ्यात तो अज्जी म्हणून पायावर वाकला. सव्वीस वर्षांचा घोडा, पण वाकला की मानेवरचा तीळ दिसतो, सहा वर्षांचा असताना दिसायचा तसाच. त्या वर्षी त्याचे आईबाप एका अपघातात दोघेही गेले. तेव्हापासून त्याला मी आणि मला तो.

खोली तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या बावन्न. मी मोजल्या, कारण प्रत्येक पायरीला माझ्या गुडघ्यांनी मला शिवी दिली. ब्याडगीहून आणलेलं मिरचीचं पोतडं शरतबरोबर राहणाऱ्या पोराने उचललं. तो मंगळूरकडचा ऑल्विन. वर पोचेपर्यंत अकरा वेळा शिंकला आणि म्हणाला, अज्जी, तुमच्या मिरचीला आमच्याआधी नोकरी लागेल, तिच्यात दम आहे.

दोघेही कॉम्प्युटरचं काम करणारे, दोघेही घरी बसलेले. शरतला कंपनीने काढून आठ महिने झाले. मला ते कळलं गेल्या महिन्यात. तोवर फोनवर रोज म्हणायचा, काम फार आहे अज्जी.

खोलीला वास आहे. ओल्या टॉवेलचा, शिळ्या नूडल्सचा, आणि माणसाने आठ महिने एकाच खुर्चीवर बसून काढले की त्या खुर्चीला येतो तो. मी पदर खोचला. दुपारपर्यंत फरशी दिसायला लागली, तेव्हा ऑल्विन म्हणाला, अरे, ही पांढरी होती का?

आता या रोजनिशीबद्दल. मला अक्षर येत नाही, जिथे सही मागितली तिथे आजवर अंगठा टेकवला. पण शरतने हातात एक फोन दिला. म्हणाला, तू बोल, हा लिहितो. आधी वार-तारीख सांगायची, मग दिवसभरात काय झालं ते. एकटी बसून कंटाळशील, तेवढाच विरंगुळा. मी विचारलं, हा काय लिहितो ते मला कसं कळणार? म्हणाला, विश्वास ठेव.

ठेवला.

बुधवार, ५ मार्च

ही पोरं नोकरी शोधतात म्हणजे काय करतात ते आज नीट पाहिलं. मला वाटायचं, चांगला शर्ट घालून कुठल्यातरी दारात जाऊन बसत असतील. तसं नाही. फोनमध्ये एक चावडी आहे. तिथे प्रत्येकाचा हसरा फोटो, आणि ज्याला नोकरी हवी त्याच्या फोटोभोवती हिरवं कडं. राणेबेन्नूरच्या बाजारात विकायला आणलेल्या बैलाची शिंगं रंगवतात, ते आठवलं. बैल निदान हसत नाही.

त्या चावडीवर रोज काहीतरी मांडावं लागतं. मी हे बनवलं, मी ते बनवलं. खाली लोक टाळ्यांची चित्रं टाकतात. शरतने कालच मांडलं की हिशेब सांगणारं एक यंत्र पूर्ण झालं, आणि आज सकाळी बसून ते बनवायला लागला. मी म्हटलं, अरे, झालं म्हणून सांगितलंस आणि आता करतोस? तो मान वर न करता म्हणाला, आधी सांगायचं अज्जी, मग करायचं. सांगून टाकलं की करावंच लागतं. इथे सगळे असंच करतात.

ऑल्विन म्हणाला, मी लग्न झाल्याचं टाकून बघू का?

त्याने मला काही पोस्टी वाचून दाखवल्या. कोणाला मुलाखतीत नाही म्हणाले, तो त्यांचे आभार मानतो. कोणाला कामावरून काढलं, तो म्हणतो की माझ्या प्रवासातला सुंदर टप्पा. एकाची आई गेली, तर तिला पोचवून आल्यावर त्याने नेतृत्वाचे तीन धडे लिहिले. खाली दोन हजार टाळ्या.  मी ऑल्विनला म्हटलं, बाबा, हे बंद कर, माझ्या भाकरीला वास लागतोय.

रविवार, ९ मार्च

आज घरात सण असल्यासारखं आहे. शरत तीन भाकऱ्या जेवला, वर कारळ्याची चटणी मागून घेतली.

झालं असं की त्याच्या हिशेबाच्या यंत्राला कुत्रंही विचारेना. चार टाळ्या, त्यातली एक ऑल्विनची. परवा मी त्याला ताटात हात वाळवत बसल्याबद्दल झापत होते, ते त्याने फोनात पकडलं आणि चावडीवर टाकलं. खाली लिहिलं की माझी अज्जी हीच माझी खरी साहेब. नऊ हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या. लगेच त्याने जाहीर केलं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज, गोष्टी, बोलायची तऱ्हा, सगळं जपून ठेवणारं यंत्र मी तयार केलंय. केलं नव्हतं, अर्थात. आता करतोय.

मला काय, नातू जेवतोय तर बरंच आहे.

दुपारभर मला गोष्टी विचारत बसला. आजोबा कसे गेले ते विचारलं. मी सांगितलं. आमच्यात गेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. ह्यांनाही भिंतीशी खुर्चीत बसवलं होतं. कपाळाला विभूती, गळ्यात झेंडूचा हार, हनुवटी खाली पडू नये म्हणून धुतल्या धोतराची पट्टी डोक्यावरून बांधलेली. मातीत ठेवतानाही बसवूनच, आणि खड्ड्यात मीठ. येणारे-जाणारे समोर बसून बोलत होते त्यांच्याशी. ह्यांनी आयुष्यात कोणाचं एवढं शांतपणे ऐकलं नव्हतं, असं मी तेव्हा म्हटलं होतं आणि रडता रडता नणंद हसली होती.

शरत हसला नाही. त्याने पट्टीचं पुन्हा विचारलं. कुठून कुठे बांधतात, ते.

बुधवार, १२ मार्च

खाली घरमालकीणबाई राहतात, वरलक्ष्मी. वयाने माझ्या लेकीसारखी, पण सगळे अक्का म्हणतात म्हणून मीही म्हणते. आज ती कढीपत्ता द्यायला वर आली आणि म्हणाली, अम्मा, तुम्ही तर प्रसिद्ध झालात, माझ्या मैसूरच्या लेकीनेसुद्धा तुम्हाला ऐकलंय. मग तिने आपल्या फोनवर लावून दाखवलं.

माझा खोकला होता. नुसता खोकला. सकाळी छातीतला कफ सुटतो तो, खाकरून तोंडात येतो तिथपर्यंत. मग कवळीचा खटखट आवाज, मी घास चघळतानाचा. मग मी न्हाणीघरात अंगावर पाणी घेताना स्वतःशी पुटपुटते ते. न्हाणीघरात. खाली माणसांनी लिहिलेलं अक्काने वाचलं. कोणी म्हणे, खोकला किती खरा वाटतो. कोणी म्हणे, कवळीचा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. कोणा बाईने लिहिलं, मी रोज झोपताना हे लावते.

माझ्या थुंकीवर माश्या बसाव्यात आणि त्यांनी एकमेकींना वा वा म्हणावं, तसं वाटलं. 

शरतला बोलावून विचारलं. तो खजील झाला नाही. उलट आकडे दाखवले, जणू मला वाचता येतात. म्हणाला, अज्जी, लोकांना गोष्टी नको आहेत, हेच हवंय. मी काय करू? म्हटलं, न्हाणीघरातून फोन बाहेर काढ, एवढं कर. म्हणाला, बरं. नखं कुरतडत होता. कुरतडलेलं नख त्याने पुन्हा तोंडात घातलं आणि चावत राहिला.

मग मी अक्काला म्हटलं, ही माझी रोजनिशी वाच, बघू काय लिहिलंय. तिने तीन मार्चपासून वाचली. सगळं माझंच होतं. फक्त आठ तारखेला मी काहीच बोलले नव्हते, आणि तिथे लिहिलं होतं की आज बाळाची फार आठवण आली.

बाळ म्हणजे शरत, आणि तो तर दिवसभर माझ्यासमोर होता.

रविवार, १६ मार्च

मला सवत आलीय. या वयात.

शरतच्या कॉम्प्युटरला डबी लावलीय, तिच्यातून मी बोलते. म्हणजे ती बोलते, आवाज माझा. शरत जेवायला बसला की तिला विचारतो, अज्जी, आज काय खाऊ? ती म्हणते, बाळा, पोटभर जेव, तू किती कष्ट करतोस. मी शेजारी डाव घेऊन उभी. मी काय म्हटलं असतं? मेल्या, आधी हात धू. माझे टोमणे त्याने काढून टाकले आणि खोकला ठेवला.

दिवसभर तिची तालीम चालते. खिडक्या उघड्या असतात, आवाज गल्लीभर. समोरच्या इमारतीतला शिंपी गॅलरीतून विचारतो, काय हो, आज खरी अज्जी बोलतेय की प्रोजेक्ट? मी म्हणते, जी गोड बोलते ती प्रोजेक्ट. तो हसतो.

ऑल्विनला ती आवडत नाही. तो आला की डबीवर उशी ठेवतो. आज उशीखालून ती म्हणाली, बाळा, कोणी दिवा घालवला का?

हे तिला कोणी शिकवलं, असं मी विचारलं. शरत म्हणाला, ती स्वतःच शिकते, ज्याला टाळ्या मिळतात ते जास्त बोलते. मी तिला एवढंच सांगितलंय.

मंगळवार, १८ मार्च

आज एका मोठ्या कंपनीच्या बाईशी कॉम्प्युटरवर बोलणं झालं. बोलणं इंग्रजीत. मी दाराआड, ऑल्विनने नंतर मला सांगितलं. बाईला यंत्र आवडलं. पण ती म्हणाली की अज्जी तर शेजारच्या खोलीतच आहे ना, मग यंत्राची गरज कोणाला? गोष्ट अजून पुरी होत नाही, असं म्हणाली. दोन आठवड्यांनी बघू.

शरत तेव्हापासून खुर्चीतून उठलेला नाही. मी त्याच्या आवडीची भरली वांगी केली. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अंगणातलं झाड पाडावं की ठेवावं, असं बघतात तसं.

गुरुवार, २० मार्च

हे मी ऑल्विनच्या जुन्या फोनात बोलतेय. का, ते सांगते.

सकाळी मी भाकरी थापत होते. अक्का वर आली ती तोंडाला पदर लावून, रडत. मला पाहिलं आणि चौकटीतच बसली.  मग फोन उघडून वाचलं. शरतने काल लिहिलं होतं: मला वाढवणारी माझी अज्जी आज सकाळी गेली. तिच्याकडून मी पाच गोष्टी शिकलो.

पाच गोष्टी ऐकून आधी मला हसू आलं. त्यातली एकही मी शिकवली नव्हती. अपयशाला मित्र माना, असं मी कशाला म्हणेन. मग अक्काने सांगितलं, चाळीस हजार माणसांनी हात जोडलेत. खाली वाचत गेली. ओम शांती. ओम शांती, मलाही नोकरी हवी आहे, माझं पान बघा. ओम शांती, फार प्रेरणादायी. माझ्या मढ्यावर लोकांनी आपापली दुकानं मांडली होती, आणि मढं तव्याशी उभं होतं.

शरत आला. पाया पडला, रडला, नाकाचा शेंबूड माझ्या पातळाला पुसला गेला. म्हणाला, सोमवारी त्या बाईंनी पुन्हा बोलावलंय, शेवटची मुलाखत. नोकरी हातात आली की लिहितो गैरसमज झाला म्हणून. आठ महिने, अज्जी. आठ महिने मी हसतोय त्या फोटोत.

अक्काने त्याला नको ते सुनावलं. ऑल्विनने तर कॉलर धरली. म्हणाला, लाज वाटत नाही का रे, जिवंत माणसाचा प्रोजेक्ट करतोस? आणि मी, गंगव्वा, मी काय म्हटलं? मी म्हटलं, जाऊ द्या. आठवडाभर मेल्याने माझं काय बिघडतं? पोराला नोकरी लागू दे.

हे मीच म्हटलं. यंत्राने नाही.

ऑल्विन संध्याकाळच्या गाडीने मंगळूरला गेला, सामानासकट. जाताना मला चल म्हणाला. मी नाही म्हटलं. मग आपला जुना फोन माझ्या पान-तंबाखूच्या चंचीत ठेवला. म्हणाला, हा फक्त ऐकतो, कुठे पाठवत नाही. अज्जी, दुसऱ्यात बोलू नका.

शनिवार, २२ मार्च

मेलेल्या बाईला फार नियम असतात. गॅलरीत जायचं नाही. दारातल्या चपला आत. दोरीवर पातळ वाळत घालायचं नाही, म्हणून ओलं पातळ खोलीतच, त्याला आता कुजका वास येतोय. माझा बटणांचा फोन शरतने घेतला, बॅटरी बदलून आणतो म्हणाला.

दुपारी गावाहून माझ्या बहिणीच्या मल्लेशचा फोन आला, शरतच्या फोनवर. फोनचा आवाज मोठा लावलेला होता, भिंतीपलीकडून ऐकलं. मल्लेश मोठ्याने रडत होता. शरत सांगत होता, हो काका, फार शांतपणे, खुर्चीत बसल्या बसल्या. नाही काका, इथेच केलं सगळं, तुम्ही येऊ नका.

मी दार वाजवलं. त्याने डबीचा आवाज वाढवला. ती पलीकडून खोकली. मल्लेश म्हणाला, हा कोणाचा आवाज? शरत म्हणाला, प्रोजेक्ट.

मंगळवार, २५ मार्च

नोकरी लागली.

मी रव्याचा गोड सांजा केला. माझ्या मरणाचं गोड मीच केलं, असं म्हटलं, शरत हसला नाही. मी म्हटलं, आता लिही ते गैरसमजाचं. म्हणाला, हो, एवढं उगादीचं होऊ दे. कंपनी उगादीला, म्हणजे पाडव्याला, यंत्राची चित्रफीत काढणार आहे, तिच्या शेवटी अज्जीचा निरोपाचा फोटो हवाय. खुर्चीतला. तसा फोटो आहे, असं तो मुलाखतीत बोलून बसलाय.

आहे म्हणालास? मी विचारलं.

सांगून टाकलं, अज्जी.

अक्का उगादीसाठी मैसूरला लेकीकडे निघाली. मी खिडकीतून हाक मारली. तिने वर पाहिलं. तेवढ्यात डबीतून ती पण म्हणाली, अक्का, जपून जा गं. अक्काने कपाळाला हात लावला आणि रिक्षात बसली.

गुरुवार, २७ मार्च

खुर्ची आली. लाकडी, हातांची. आपल्या गावच्या घरात होती तशी. शरतने ती ओल्या फडक्याने पुसली, खिडकीपाशी भिंतीला टेकवली, मग लांबून बघून थोडी सरकवली.

म्हणाला, नुसता फोटो. डोळे मिटून एक मिनिट.

मी कबूल झाले असते. खरंच. एक मिनिट डोळे मिटायला काय लागतं, मी दुपारी दोन तास मिटते. पण स्वयंपाकघरात चहाची भांडी काढताना पाहिलं. ओट्याखाली मीठ आहे. जाडं मीठ. पोतं.

आम्ही दोन माणसं.

चहा केला. माझ्या हातून कपात मीठ पडलं की साखर, ते कळलं नाही, त्याने तो तसाच पिऊन टाकला.

शुक्रवार, २८ मार्च

दाराला बाहेरून कडी आहे. तो खाली गेला तेव्हा पाहिलं.

खिडकीला शरतने काळी जाळी ठोकलीय, बाहेरून मी दिसत नाही. गजांशी उभी राहून ओरडले. शिंपी गॅलरीत होता, काजं करत. मी म्हटलं, अरे बाबा, मी जिवंत आहे, वर ये, मला कोंडलंय. तो सुई थांबवून ऐकत राहिला. मग आत तोंड करून बायकोला म्हणाला, ऐक, आज काय छान बोलतंय ते. अगदी खरं वाटतंय बिचारीचं.

तिने आतून काहीतरी विचारलं. तो म्हणाला, नाही गं, ती गेली नाही का. प्रोजेक्ट आहे.

मी पुन्हा ओरडले, शिव्या दिल्या. त्याने हात जोडले. माझ्या आवाजाला. आणि आत गेला.

शरत परत आला तेव्हा त्याला कोणीतरी सांगितलं असावं. रागावला नाही. म्हणाला, अज्जी, हे शिव्यांचं चांगलं होतं, आधी का नाही घेतलं आपण.

पिशवीत झेंडू होते. आणि धुतलेलं धोतर. कोपऱ्यापासून फाडलेली एक पट्टी.

शनिवार, २९ मार्च

तो अंघोळीला गेला तेव्हा तिच्याशी बोलले. सवतीशी. दुसरं आहे कोण.

म्हटलं, गंगव्वा.

म्हणाली, बोल गं.

म्हटलं, तू कशी गेलीस?

म्हणाली, खुर्चीत. सकाळची वेळ होती. दमले होते फार. बाळ म्हणाला बस, मी बसले. बसले की बरं वाटलं.

हे त्याने तुला सांगितलं?

ती खोकली. माझा खोकला, कफ सुटेपर्यंत. मग म्हणाली, हे सांगितलं की सगळे हात जोडतात.

तिचं तोंड कुठे आहे ते मला ठाऊक नाही, नाहीतर—

शरत न्हाणीघरातून बाहेर आला. मला म्हणाला, ऐकलंस ना. जगभर गेलंय ते. आता नाही कसं म्हणू मी लोकांना?

मी त्याचा चेहरा हातात धरला. म्हटलं, बाळा, मी आहे रे. त्याची त्वचा गार होती, दाढीत शिळ्या सांज्याचा रवा. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं, अंगावर काही चढलंय तसं. मान वळवून डबीला विचारलं, अज्जी, मी बरोबर करतोय ना?

ती म्हणाली, हो बाळा.

रविवार, ३० मार्च

उगादी. सकाळ.

त्याने कडुलिंब आणि गूळ हातावर दिला. मी लहानपणापासून त्याला देत आले तसा. मी तोंडात घातला नाही. मुठीत आहे, चिकट झालाय.

नवं पातळ आणलं त्याने. नेसले नाही. विभूती मात्र त्याने लावली, तीन बोटांनी, नीट. हात हलला नाही त्याचा. वाकला तेव्हा तो तीळ दिसला.

खुर्ची तिथे आहे. हार हातावर आहे. पट्टी हातावर आहे. मीठ खुर्चीजवळ ओढून ठेवलंय, विचारलं तर म्हणतो, मागे दिसायला हवं.

तो जबरदस्ती करत नाही. मला वाटलं होतं करेल. तो समोर जमिनीवर मांडी घालून बसलाय, फोन धरून, आणि नुसती वाट बघतो. फोटोतलं हसतो ना, ते हसतोय. म्हणतो, बस ना अज्जी, दमशील.

मी उभी आहे. भिंतीला हात लावून. आमच्यात गेलेलं माणूस बसतं. उभं माणूस जिवंत असतं, हे त्यालाही कळतं. म्हणून मी उभी आहे.

चंचीतला हा फोन ऐकतोय. कोणाच्या हाती लागला तर ऐका, जो खरखरीत बोलतो तो आवाज माझा. गोड तो—

ती डबीतून म्हणतेय, बस गं, बसलं की बरं वाटतं.

उजवा गुडघा थरथरतोय. बावन्न पायऱ्या चढून आलेला आहे हा, याला काय—

शरत घड्याळ बघत नाही. घाई नाही त्याला. त्याने सांगून टाकलंय.

खाली शिंपी कोणालातरी म्हणतोय, ऐका, लागलाय प्रोजेक्ट.

मी बसणार नाही. बाळा, मी बसणार नाही. भिंत घाम आल्यासारखी— हात सरकतो आहे. मी उभीच आहे, ऐकताय ना, मी अजून उभी— गुडघा—